‘ऐकू येते आहे का?’

संगणकावरून अथवा मोबाइलवरून होणाऱ्या संभाषणांचा आरंभ आजकाल नमस्काराने होत नाही; तो एका प्रश्नाने होतो. ‘ऐकू येते आहे का?’ बडोद्याचे काका हा प्रश्न बोस्टनच्या पुतण्यास विचारतात, नागपूरचा वकील तोच मुंबईच्या न्यायपीठास किंचित अधिक अदबीने विचारतो, आणि इंदूरचा एखादा प्राध्यापक तो पडद्यावरच्या साठ मुक्या चौकटींस विचारतो. यावर ‘नाही’ असे उत्तर आले, तर निदान प्रश्न तरी पोहोचला असे समजावयास हरकत नसते. परंतु इतका विचार करण्याइतके स्वास्थ्य त्या क्षणी कोणास असते? बोलणारा आवाज चढवितो. तेवढ्याने भागले नाही तर तोंड यंत्राजवळ नेतो, मग यंत्रच हलवितो, दोन-चार बटणे दाबतो आणि अखेरीस ‘नेट खराब आहे’ असा निकाल देऊन मोकळा होतो.

हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो. जाळ्याचे म्हणून जे दोष आहेत ते ओळखू येण्याजोगे आहेत, आणि ज्या तक्रारी त्याच्या माथी मारल्या जातात त्यांपैकी अनेकांशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. याहून मोठी गैरसमजूत अशी की, ज्याच्या कानाला त्रास होतो त्याच्याच यंत्रात काही बिघाड असला पाहिजे. वस्तुस्थिती बहुधा नेमकी उलटी असते. आवाज बारीक येतो, खरखरीत येतो, आपलेच शब्द आपल्याला पुन्हा ऐकू येतात, या साऱ्यांचा उगम बहुतेक वेळा पलीकडच्या खोलीत असतो. आणि तेथे बसलेल्या माणसास त्याचा गंधही नसतो, कारण त्याला सारे स्वच्छ ऐकू येत असते. तो निर्धास्त असतो आणि अलीकडचा मनुष्य विनाकारण आपल्या यंत्राचे कान पिळीत बसतो.

सरकारी कचेरीत एखादे प्रकरण अडले म्हणजे जाणता कारकून आरडाओरड करीत नाही. आवकजावक नोंदवही उघडून ते कोणत्या मेजापर्यंत पोहोचले होते हे तो प्रथम पाहतो. आवाजाच्या बाबतीत हीच पद्धत लागू पडते. त्यासाठी आवाजाचा प्रवास कोणत्या मेजांवरून होतो एवढे मात्र ठाऊक हवे.

बोलण्याने हवेत उठणाऱ्या लाटा मायक्रोफोनमधील पातळ पडद्याला हलवितात आणि त्या हालण्यापासून विजेचा चढउतार निर्माण होतो. हा चढउतार सेकंदाला हजारो वेळा मोजून त्याचे आकडे केले जातात. अंकीय पद्धतीच्या साध्या दूरध्वनीत ही मोजणी सेकंदाला ८,००० वेळा होत आली आहे. संभाषणाच्या आजच्या सॉफ्टवेअरांत ती ४८,००० वेळांपर्यंत जाऊ शकते. हे आकडे यंत्राच्या मूळ प्रणालीकडे, म्हणजे विंडोज किंवा अँड्रॉइड यांसारख्या व्यवस्थेकडे, जातात. ती अनुमती देईल तरच ते संभाषणाच्या सॉफ्टवेअरला मिळतात. तेथे त्यांतील गोंगाट गाळला जातो, उरलेला मजकूर दाबून लहान केला जातो, आणि सामान्यतः एका सेकंदाचे पन्नास तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात घालून जाळ्यावर सोडला जातो. पलीकडे ही पाकिटे उघडून, ओळीने लावून, त्यांतून पुन्हा विजेचा चढउतार आणि त्यातून ध्वनी बनतो. मजकूर दाबून लहान करण्याच्या विद्येत भारताचा एक धागा आहे. कानपुरात जन्मलेले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केलेले काम तिच्या पायाशी आहे. मानवी आवाजाचा पुढचा क्षण मागच्या क्षणांवरून बराचसा आधीच सांगता येतो, म्हणून सारा आवाज पाठविण्याऐवजी अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील फरक तेवढा पाठवावा, ही त्यातली मूळ कल्पना. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत साध्या बोलण्यासाठी याच कल्पनेचा आधार घेते.

आता मुळीच आवाज जात नाही, ही सर्वांत साधी तक्रार घ्यावी. येथे पहिली परीक्षा संभाषणाच्या बाहेर करावयाची असते. यंत्रावर आवाज मुद्रित करण्याची जी साधी सोय असते तीत दोन वाक्ये बोलावी आणि ऐकावी. आवाज मुद्रित झाला, तर मायक्रोफोन, त्याची तार आणि खोबण निर्दोष ठरतात आणि शोध पुढच्या अर्ध्या वाटेवर येतो. मुद्रित झाला नाही, तर संभाषणाच्या सॉफ्टवेअरला दोष देण्याचे कारण उरत नाही. एका परीक्षेत निम्मे संशयित सुटतात. स्काइप ही सेवा २००३ ते मे २०२५ या काळात चालू होती. तिच्यात याच हेतूने एक यांत्रिक श्रोता ठेवलेला असे. त्याच्याशी बोलले की तो बोललेले परत ऐकवी. आजच्या बहुतेक प्रणालींत ही सोय ‘मायक्रोफोन तपासा’ अशा काही नावाखाली सापडते. बोलताना हलणारी हिरवी पट्टी तर सर्वत्र असते. पट्टी हलते आहे आणि तरीही पलीकडे काही पोहोचत नाही, असे असेल तर मायक्रोफोन तरी निर्दोष आहे.

आवाज बंद करण्याचे बटण एकच असते, या समजुतीने जितका वेळ वाया गेला असेल तितका क्वचितच दुसऱ्या कशाने गेला असेल. सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोफोनच्या चित्राचे बटण असते, ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु हेडफोनच्या तारेवर एक बारीक खटका असतो, अनेक लॅपटॉपांच्या कळफलकावर त्याच कामाची एक कळ असते, मूळ प्रणालीत आणखी एक नियंत्रण असते, आणि सभेच्या चालकाच्या हाती सर्वांची तोंडे बंद करण्याचा अधिकार असतो तो वेगळाच. यांपैकी एकही बंद असला तरी बाकीचे सारे उघडे असून उपयोग नाही.

त्यानंतर परवानगीचा प्रश्न येतो. अलीकडच्या मोबाइलांत व संगणकांत कोणत्याही सॉफ्टवेअरला मायक्रोफोन वापरावयाचा असेल तर मालकाची अनुमती घ्यावी लागते. ही अनुमती पहिल्याच दिवशी विचारली जाते, आणि माणसे घाईत ‘नाही’ म्हणून जातात. त्यानंतर ते सॉफ्टवेअर आज्ञाधारकपणे बहिरे राहते. मालक महिनाभर त्याच्यावर चिडत राहतो, पण त्याने त्याचाच हुकूम पाळलेला असतो. अनुमतीचे हे पान मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये असते. ब्राउझरमधून बोलणे चालले असेल तर ते पत्त्याच्या पट्टीशेजारच्या लहान चिन्हावर बोट ठेवल्यास उघडते.

आणि समजा अनुमतीही आहे. तरी सॉफ्टवेअर भलत्याच यंत्राकडे कान लावून बसलेले असू शकते. लॅपटॉपला स्वतःचा मायक्रोफोन असतो, कॅमेऱ्यात दुसरा असतो, हेडफोनला तिसरा असतो, आणि शेजारच्या खोलीतील टेबलावर पडलेली ब्लूटूथची कानातली जोडीही स्वतःला या यादीत नोंदवून घेते. मनुष्य एका मायक्रोफोनसमोर तळमळीने बोलत असतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या खोलीतील शांतता इमानाने परदेशी पाठवीत असते. म्हणून सॉफ्टवेअरच्या ध्वनीविषयक पानावर ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ या दोन्ही जागी कोणते नाव निवडलेले आहे हे डोळ्यांनी पाहावे. जुन्या मेजसंगणकांत गुलाबी खोबण मायक्रोफोनची आणि हिरवी हेडफोनची असते. मोबाइलच्या हेडफोनची दांडी चार पट्ट्यांची असते. ती हिरव्या खोबणीत बसते, ऐकू येते, पण बोललेले जात नाही. येथे बिघाड कशातच नसतो. लागते ती एक दुहेरी जोडणी.

ब्लूटूथच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तिने भल्याभल्यांना चकविले आहे. त्याच हेडफोनवर गाणे सुरेख ऐकू येते. संभाषण सुरू होताच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. कारण असे की, गाणे ऐकविण्याची ब्लूटूथची रीत एकमार्गी आहे. मायक्रोफोन चालू झाला की जाणे आणि येणे असे दोन्ही प्रवाह सांभाळावे लागतात. त्यासाठी पुष्कळ हेडफोन दुसऱ्या, अरुंद रीतीकडे वळतात, आणि त्या रीतीत आवाजाची मोजणी सेकंदाला ८,००० किंवा १६,००० वेळाच होते. बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडून हेडफोन केवळ ऐकण्यापुरता ठेवला, तर बहुधा आवाज पुन्हा उजळतो. विंडोजमध्ये आणखी एक खोड आहे. संभाषण चालू असल्याचे जाणवले की ती प्रणाली आपण होऊन बाकीचे सारे आवाज ८० टक्क्यांनी मंद करते. हेतू चांगला आहे. पण सभेत चित्रफीत दाखविणारा गृहस्थ ध्वनी का ओसरला म्हणून हैराण होतो.

या सर्व तक्रारींत प्रतिध्वनीची तक्रार निराळी आहे. तिला इतिहास आहे, आणि तिच्याविषयी गैरसमजही सर्वांत जास्त आहेत.

इंदूरची आजी टोरांटोच्या नातवाशी बोलते आहे. ती ‘जेवलास का?’ विचारते, आणि अर्ध्या-पाऊण सेकंदाने तिचेच ‘जेवलास का?’ तिला परत ऐकू येते. ती गोंधळून थांबते. नातवाला काहीच वावगे ऐकू येत नाही. तो म्हणतो, ‘आजी, तुझ्या फोनमध्ये काहीतरी आहे.’ फोनमध्ये काहीतरी आहे खरे, पण ते त्याच्या. आजीचा आवाज टोरांटोतल्या ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो, खोलीच्या भिंतींवर आपटतो, नातवाच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि त्याच्या आवाजाबरोबर इंदूरला परततो. यावर आजीने करण्यासारखे काहीच नाही. नातवाने कानात हेडफोन घातले की प्रतिध्वनी तत्क्षणी थांबतो, कारण ध्वनिवर्धकातून मायक्रोफोनकडे जाणारी वाटच बंद होते.

अनेक जण सहभागी असलेल्या सभेत अपराधी शोधण्याची रीतही यावरूनच निघते. ज्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतो त्याने बोलत राहावे आणि चालकाने इतरांचे मायक्रोफोन एकेक करून बंद करावे. ज्याचा बंद करताच प्रतिध्वनी नाहीसा होतो, उगम त्याच्याकडे. मजा अशी की सभेत एकच मनुष्य प्रतिध्वनीबद्दल तक्रार करीत नसतो. संशयाला पहिली जागा तीच! उगमापाशी बसलेल्यास इतरांचे आवाज थेट ऐकू येतात, परतून आलेले ऐकू येत नाहीत.

हा रोग संगणकाबरोबर आलेला नाही. लांब पल्ल्याच्या दूरध्वनीत तो प्रथमपासून होता. घरापर्यंत येणाऱ्या दोन तारांवरून जाणारा व येणारा असे दोन्ही आवाज वाहतात. लांबच्या मार्गावर दोहोंसाठी स्वतंत्र वाटा असतात. या दोन्ही व्यवस्था जेथे जोडल्या जातात तेथे थोडा आवाज गळून मागे फिरतो. अंतर थोडे असेपर्यंत तो कळत नसे. १९६५ मध्ये ‘अर्ली बर्ड’ हा उपग्रह अंतराळात गेला आणि विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून दूरध्वनीची संभाषणे होऊ लागली. वर जाऊन खाली येण्यास आवाजाला पाव सेकंद लागे, आणि प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने परत येई. आपलाच आवाज अर्ध्या सेकंदाने कानावर पडत असता सलग बोलणे किती कठीण असते, हे ज्याने अनुभविले असेल त्यालाच कळेल. १९७०च्या दशकाच्या आरंभी पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे भूकेंद्र उभे राहिले आणि भारताची परदेशांतील संभाषणे उपग्रहामार्गे जाऊ लागली, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारी आला.

त्यापूर्वीचा उपाय ओबडधोबड होता. एक मनुष्य बोलू लागला की दुसऱ्याची वाट बंद करावयाची. त्याने प्रतिध्वनी थांबे, पण मध्येच कोणी ‘हो, हो’ म्हटले तर तेही गळून पडे. बेल प्रयोगशाळेत जॉन केली व इतरांनी वेगळा विचार मांडला, आणि त्यांच्यातलेच मनमोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये त्यावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. सोंधींचा जन्म फिरोजपूरचा, शिक्षण दिल्ली आणि बंगळूर येथले. विचार असा की, पलीकडून आलेला आवाज यंत्राजवळ आहेच. तो परततांना कसा रूप बदलून येईल याचा यंत्राने सतत अंदाज बांधावा, आणि मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजातून तो अंदाज वजा करावा. उरेल ते केवळ समोरच्या माणसाचे बोलणे. अंदाज चुकला की उरलेल्या प्रतिध्वनीवरून यंत्राने आपणच आपली दुरुस्ती करावी. आज प्रत्येक मोबाइलमध्ये आणि संभाषणाच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हेच वजाबाकीचे यंत्र, अक्षरशः सेकंदागणिक, काम करीत असते.

मग तरीही प्रतिध्वनी का येतो? कारण या वजाबाकीला काही अटी आहेत. ध्वनिवर्धक पूर्ण मोठा केला की त्याचा आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मूळ आवाजाशी जुळत नाही; अंदाज फसतो. आवाज दूरदर्शन संचातून किंवा ब्लूटूथच्या डब्यातून काढला तर तो ठरल्यापेक्षा उशिरा बाहेर पडतो आणि यंत्राचा हिशेब चुकतो. एकाच खोलीत दोघे जण दोन यंत्रांवरून एकाच सभेत बसले, तर एकाचा ध्वनिवर्धक दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये बोलतो. पहिल्याच्या आवाजाशी दुसऱ्या यंत्राची वजाबाकी जुळत नाही, आणि काही क्षणांत ती कर्णकर्कश किंकाळी सुरू होते जी लग्नाच्या मांडवात सर्वांनी ऐकलेली आहे. अशा वेळी एका यंत्राचा मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक दोन्ही बंद करावे लागतात. केवळ मायक्रोफोन बंद करून किंकाळी थांबली, तरी दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये उशिरा येणारा आवाज शिरतच राहतो.

आता जाळ्याकडे वळावयास हरकत नाही. आवाज तुटक येणे, शब्दांचे तुकडे गळणे, माणूस एकाएकी यंत्रमानवासारखा धातूच्या स्वरात बोलू लागणे, मध्येच घाईघाईने बोलल्यासारखे वाटणे, ही जाळ्याच्या दोषांची खरी लक्षणे. पाकिटे सेकंदाला पन्नास या वेगाने निघतात, पण पोहोचताना काही लवकर, काही उशिरा येतात, काही वाटेतच राहतात. पलीकडे त्यांच्यासाठी एक लहानसे प्रतीक्षागृह असते. मागे राहिलेल्यांची तेथे क्षणभर वाट पाहिली जाते. फार वाट पाहिली तर संभाषण रेंगाळते, थोडी पाहिली तर शब्द तुटतात. हरवलेल्या पाकिटाची जागा सॉफ्टवेअर मागच्या आवाजाची नक्कल करून भरून काढते. एखादेच पाकीट हरवले तर ते कळतही नाही, सलग चार-पाच हरवली की तो धातूचा स्वर ऐकू येतो. हरवलेले पाकीट साधारणपणे परत मागवीत नाहीत, कारण ते येईपर्यंत वाक्य संपलेले असते.

उपायांत सर्वांत गुणकारी उपाय आहे चित्र बंद करण्याचा. स्वच्छ बोलण्यास सेकंदाला तीस-बत्तीस हजार बिट पुरेसे होतात. चित्र त्याच्या कित्येक पट जागा अडविते. तोंड दिसावे हा मोह समजण्याजोगा आहे, पण शब्द महत्त्वाचे असतील तर तोंड दिसण्याची गरज नसते. वाय-फायच्या पेटीपासून दोन भिंती दूर बसलेल्या माणसाने जवळ यावे. शक्य असेल तर तार जोडावी. घरातील दुसरे कोणी त्याच वेळी मोठी चित्रफीत वर चढवीत असेल तर त्याला थांबवावे. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी आणि वाय-फायचा जुना पट्टा एकाच लहरींवर चालतात, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. कचेऱ्यांच्या जाळ्यांत मात्र वेगळाच प्रकार आढळतो. तेथे लिखित निरोप जातात, यादीत नावे दिसतात, आणि आवाज तेवढा जात नाही. सुरक्षेसाठी घातलेली भिंत संकेतस्थळांच्या वाटा उघड्या ठेवते आणि आवाजाच्या पाकिटांची वाट बंद करते. हे तेथील जाळे सांभाळणाऱ्यालाच सोडविता येते. बोलणाऱ्याने यंत्र बदलून काही होत नाही. सतत घूं असा आवाज येत असेल आणि लॅपटॉपची विजेची तार काढताच तो थांबत असेल, तर दोष जाळ्यात नसून भिंतीतील खोबणीच्या भूसंपर्कात असण्याचा संभव मोठा.

निव्वळ विलंबाला मात्र संपूर्ण उपाय नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांत सरळ रेषेने साडेबारा हजार किलोमीटर अंतर आहे, आणि केबल सरळ रेषेने जात नाहीत. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, ४०० च्या पुढे जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने सुचविले आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी परदेशची पुष्कळ संभाषणे होतात, आणि त्यांत दोघेही एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात, ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ असे चालते. यात उर्मटपणा कोणाचाच नसतो.

राहिला एक प्रकार, जो दोष म्हणून ओळखूच येत नाही, कारण तो यंत्राच्या हुशारीतून निर्माण होतो. गोंगाट गाळणारे सॉफ्टवेअर सतत एकसारख्या येणाऱ्या ध्वनीला गोंगाट समजते. पंख्याच्या बाबतीत ते योग्यच आहे. परंतु २०२० मध्ये टाळेबंदी झाली, संगीताच्या शिकवण्या पडद्यावर आल्या, आणि गवयांच्या ध्यानात आले की शिष्याला तंबोरा ऐकू येत नाही. सॉफ्टवेअरने त्याची गणना पंख्यात केली होती! तबल्याचा ठेकाही अधूनमधून गिळला जाई. झूमसारख्या सॉफ्टवेअरांत ‘मूळ ध्वनी’ जसाच्या तसा पाठविण्याची सोय आहे, ती चालू करावी लागते. गुरूने आणि शिष्याने एकत्र गाण्याची हौस मात्र विलंबामुळे पुरी होत नाही. तेथे एकाने गाऊन थांबणे आणि दुसऱ्याने घेणे हाच मार्ग.

काही प्रणालींत, विशेषतः खेळणाऱ्या मुलांच्या मंडळांसाठी निघालेल्या डिस्कॉर्डसारख्या सॉफ्टवेअरांत, आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की पाठविणे थांबते. ही पातळी उंच ठेवलेली असेल तर वाक्यांची शेपटे कापली जातात. कळ दाबून बोलण्याची पद्धत असेल आणि बोट क्षणभर आधी उचलले गेले, तरी परिणाम तोच. इंग्रजी बोलणाऱ्याचे यात तुलनेने कमी नुकसान होते, कारण त्याचा नकार बहुधा वाक्याच्या मध्यावर येऊन गेलेला असतो. मराठीत तो शेवटी येतो, आणि शेवटाकडे आवाज स्वभावतःच उतरतो. ‘ती गोळी मी घेतलेली नाही’ यातले शेवटचे दोन अक्षरांचे पद गळाले, तर सांगितले त्याच्या नेमके उलट पोहोचते. आणि जे पोहोचते ते अर्धवट वाटेलच असे नाही.

भारत सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा २०१९ मध्ये सुरू झाली, आणि एप्रिल २०२० पासून रुग्णांना घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय तीत झाली. न्यायालयांचे कामकाजही त्याच वर्षी पडद्यावर आले. अशा जागी एका अक्षराला किंमत असते. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील भेद शेवटच्या व्यंजनात आहे. तो भेद दाखविणारा ध्वनी सेकंदाच्या काही शतांश भागांत होऊन जातो, म्हणजे दोन-चार पाकिटांचा ऐवज. साध्या दूरध्वनीचा पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच असल्यामुळे ‘स’सारख्या व्यंजनांचा पुष्कळसा अंश तेथे मुळातच पोहोचत नाही, आणि ब्लूटूथची सेकंदाला ८,००० मोजण्यांची रीत आवाजाला पुन्हा त्याच पट्ट्यात कोंबते. महत्त्वाचे बोलणे असेल तेव्हा तारेचा हेडफोन घालावा, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा, गोंगाट गाळणारी चाळणी सौम्य करावी, वाक्य संपवून मग कळ सोडावी, आणि आकडा दोन रीतींनी सांगावा: ‘साठ, सहावर शून्य.’ नकाराची गोष्ट असेल तर तो वाक्याच्या आरंभी आणावा: ‘नाही, ती गोळी घेतलेली नाही.’ ऐकणाऱ्याने जे ऐकले ते परत म्हणून दाखवावे, मग तो डॉक्टर असला तरी. आणि शंका उरलीच तर बहुतेक प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये चित्राशेजारी लिहिण्याची एक चौकट असते. औषधाचे नाव, मात्रा, खात्याचा क्रमांक, तारीख हे सारे तीत लिहून पाठवावे. लिखित मजकुराच्या पाकिटांना उशीर झाला तरी चालतो, आणि त्यांपैकी एखादे वाटेत हरवले तर यंत्र ते पुन्हा मागवून घेते.